कुणाचीच नसलेली इंग्रजी

इंग्रजी शिकवायला इंग्लंडात कोणी जात नाही. आमच्या पिढीतले इंग्रजीचे प्राध्यापक परदेशी गेले ते लिबियाला, येमेनला, ओमानला, सौदीला, नाहीतर इथिओपियाला. पीएच.डी. झालेली, नोकरी एक तर कायम नाही किंवा कायम असून पगाराचा पत्ता नाही, घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणं एकदमच अंगावर आलेली, अशी ही माणसं. मुलाखत देऊन, पदव्यांवर शिक्के मारून घेऊन ती विमानात बसत आणि दोन-चार वर्षांनी थोडी काळवंडून, थोडी सावरून परत येत. मी त्यातलीच. मुलगी हॉस्टेलवर गेली आणि मी इथिओपियातल्या बाहिर दारला.

"तिथे दुष्काळ असतो ना गं?" हे निघण्याआधी प्रत्येकाने विचारलं. १९८४-८५च्या दुष्काळाची टीव्हीवरची चित्रं लोकांच्या डोळ्यांत इतकी घट्ट बसली आहेत, की इथिओपिया म्हटलं की दुसरं काही दिसतच नाही. बाहिर दार आहे ताना सरोवराच्या दक्षिण काठावर. निळी नाईल इथूनच निघते. तिथले लोक तिला अबाय म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंची, रस्त्याच्या दुतर्फा ताडामाडांची झाडं, पहाटे पाण्यावर पपायरसच्या लव्हाळ्यांच्या होड्या. उन्हाळासुद्धा असा की पंख्याची आठवण होऊ नये. रिक्षाला तिथे 'बजाज'च म्हणतात. विमानतळाबाहेर पोरगा "बजाज? बजाज?" असं विचारत आला तेव्हा परदेशी आल्याचा सगळा ताण पाच मिनिटं कुठल्या कुठे गेला.

पाचच मिनिटं. कारण मग कागद सुरू झाले.

पगारपत्रकाच्या फॉर्मवर नावाचे तीन रकाने होते: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. तिथे आडनाव ही भानगडच नाही. माणसाचं नाव, त्यापुढे बापाचं आणि सरकारी कामाला लागलंच तर आजोबांचं. लग्न झालं म्हणून बाईच्या नावात काही बदलत नाही. कारकुनाने माझ्या पासपोर्टवरची तीन नावं उचलली आणि तीन रकान्यांत क्रमाने बसवली. झालं, यजमान माझे वडील झाले आणि सासरचं आडनाव माझे आजोबा. मी त्याला समजावलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, "मग तुमच्या वडिलांचं नाव कुठे गेलं?"

आमच्या बाजूला या प्रश्नाला बरीच भाषणं आहेत, उत्तर नाही. रात्री फोनवर यजमानांना हे सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे कन्यादान मीच केलं म्हणायचं का?"

फॉर्म तसाच राहिला, पगार त्यावरच निघत राहिला. पण त्यामुळे एक गोष्ट घडली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. तिथे माणसाला त्याच्या स्वतःच्याच नावाने ओळखतात, मग तो शिपाई असो की पंतप्रधान. बाहेरची वर्तमानपत्रं अबी अहमद यांना 'मिस्टर अहमद' म्हणू लागली की तिथल्या लोकांना हसू येतं, कारण अहमद हे त्यांच्या वडिलांचं नाव. तर मीही सगळ्यांसाठी 'डॉक्टर' आणि पुढे माझं माहेरचं, बारशात ठेवलेलं नाव, एवढीच होते. 'मॅडम' नाही, अमक्यांची मिसेस नाही, आडनावाला 'बाई' जोडलेलं नाही. इतकी वर्षं ज्या नावाने फक्त आई आणि दोन मैत्रिणी हाक मारत, त्या नावाने दुधवालासुद्धा हाक मारू लागला.

वेळेचं आणि दिनदर्शिकेचं प्रकरण तिथे गेलेला प्रत्येक भारतीय सांगतो, म्हणून थोडक्यात. वर्ष सात-आठ वर्षं मागे असतं, नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं आणि महिने तेरा. तेरावा पाच-सहा दिवसांचा. मी पोचले तेव्हा तिथे २००६ साल नुकतंच सुरू झालं होतं. ("तरुण झालीस" हा विनोद प्रत्येक नातेवाइकाने केला.) कागदावर तारखेपुढे 'ई.सी.' की 'जी.सी.' हे लिहायचंच, म्हणजे त्यांचं पंचांग की ग्रेगोरियन. घड्याळ मात्र मला मनापासून पटलं. दिवस उजाडतो तेव्हा मोजायला सुरुवात करायची. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, दुपारचे बारा म्हणजे सहा. माझा पहिला तास वेळापत्रकात दोन वाजता असे आणि तो सकाळी आठला भरे. मध्यरात्री, सगळे झोपेत असताना, नवा दिवस सुरू झाला असं मानणारे आपण जास्त विचित्र आहोत, असं मला तिथे राहून वाटू लागलं.

राहण्याचं जमलं ते उपवासामुळे. मी शाकाहारी, आणि कच्चं मांस आवडीने खाणारा देश म्हणून लोकांनी मला आधीच घाबरवलेलं. पण इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे, ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवस सलग, शिवाय आणखी छोटे-मोठे. नेमाने पाळणाऱ्याचे असे निम्मे वर्ष उपवासातच जाते. उपवास म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप-लोणीही नाही. हॉटेलात 'त्सोम' म्हणजे उपवासाचं म्हटलं की मोठ्या परातीएवढा इंजेरा येतो. तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेला, जाळीदार, आंबूस. त्यावर मसूर, कोबी-गाजर, बीट, पालेभाजी, आणि मधोमध शिरो. शिरो म्हणजे भाजलेल्या कडधान्याच्या पिठाची मसालेदार आमटी. नाव फसवं आहे, गोडाशी काही संबंध नाही. तो आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. पहिल्या घासाला मी चमचा बाजूला ठेवला आणि हाताने जेवले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी समाधानाने मान हलवली, उठून आल्या, आणि इंजेऱ्यात गुंडाळलेला एक भला मोठा घास थेट माझ्या तोंडात कोंबला. याला गुर्शा म्हणतात. आवडत्या माणसाला आपल्या हाताने घास द्यायचा. घास जितका मोठा तितकी माया जास्त. अनोळखी बाईला ही माया का, असं विचारण्याच्या स्थितीत माझं तोंड नव्हतं.

बाकी रोजचं म्हणाल तर वीज जायची, पाणी जायचं, इंटरनेट जायचं, आणि तिन्हींना एकच उत्तर, "येल्लेम", म्हणजे नाही. पिवळे जेरीकॅन भरून ठेवायचे, लॅपटॉप चार्ज करून ठेवायचा. बिर या तिथल्या चलनाची किंमत त्या वेळी साधारण तीन रुपये होती. रस्त्याकडेला, जमिनीवर गवत पसरून, लोबान पेटवून बसलेल्या बाईकडची कॉफी पाच बिरला. ती कॉफी मात्र घाईत प्यायची नाही. हिरव्या बिया समोर भाजणार, वास घ्यायला तवा तुमच्या नाकाखालून फिरवणार, कुटणार, मग जेबेना या काळ्या मातीच्या सुरईत उकळणार. आणि तीन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर उठणारा माणूस असंस्कृत समजतात. माझ्या मागची घाई त्या बायकांनी काढली, विद्यापीठाने नव्हे.

आता वर्गाचं.

पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश स्किल्स', मग 'बेसिक रायटिंग स्किल्स', हे विषय शाखा कोणतीही असो, सगळ्यांना. साठेक मुलंमुली. मंत्रालय देशभरातून ज्याला जिथे धाडेल तिथे त्याने जायचं, अशी तेव्हाची पद्धत. त्यामुळे एकाच वर्गात गोज्जामच्या खेड्यातला, आदिस अबाबाच्या खासगी शाळेतला, ओरोमियातला, तिग्राईतला, सोमाली प्रदेशातला, असे सगळे. शिस्त अशी की मला पहिले काही दिवस अवघडल्यासारखं झालं. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. प्रश्न विचारला की साठ चेहरे अतिशय नम्रपणे माझ्याकडे पाहतात.

मधूनच कोणीतरी पटकन श्वास आत ओढल्याचा आवाज येई, दचकल्यावर येतो तसा. तो होकार होता. तिथे 'हो' म्हणायला असा छोटा श्वास आत घेतात. मग मी त्यावरून वर्ग चालवू लागले. उदाहरण दिलं की कान द्यायचा; चार-पाच श्वास आले की पुढे जायचं, शांतता असली की पुन्हा सांगायचं. वर्गातल्या प्रतिसादाचं असं माप शिक्षणशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं.

ही शांतता येते कुठून, याचा उलगडा एका विद्यार्थिनीने केला. ती म्हणाली, "आम्ही प्लाझ्मासमोर शिकलो." २००४च्या सुमारास सरकारने माध्यमिक शाळांच्या वर्गांत मोठे प्लाझ्मा टीव्ही बसवले. दक्षिण आफ्रिकेत चित्रित केलेले धडे उपग्रहावरून एकाच वेळी देशभर दाखवत, सगळे इंग्रजीत. वर्गातल्या शिक्षकाला सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं. पडद्यावरचा शिक्षक प्रश्न विचारे, थोडा थांबे, मग उत्तर स्वतःच सांगून पुढे सरके. त्याला थांबवता येत नसे, त्याचे उच्चार अनोळखी, आणि वीज गेली तर तो धडा गेला तो गेलाच. हेतू चांगला होता: इंग्रजी येणारे शिक्षक कमी, तर चांगला शिक्षक सगळ्यांना द्यावा. पण चार वर्षं अशा माणसासमोर बसल्यावर मुलं काय शिकतील? शिक्षक प्रश्न विचारतो तेव्हा गप्प बसायचं, उत्तर येतंच. मीही त्यांच्या दृष्टीने एक प्लाझ्माच होते, फक्त साडी नेसलेला.

तेव्हा मी उत्तर सांगणं बंद केलं. प्रश्न विचारायचा आणि खुर्चीवर बसून राहायचं. हे लिहायला सोपं आहे. साठ माणसांची शांतता काही मिनिटं सोसायला छाती लागते. पण कोणीतरी बोलतंच शेवटी, माझ्या दयेपोटी का होईना.

आणि बोलायला लागल्यावर जे दिसलं त्याने मी गोंधळले. मुलगा उभा राही, वाक्य अर्ध्यावर मोडे, क्रियापद शेवटी जाऊन बसे (अम्हारिक या तिथल्या भाषेतही ते मराठीसारखं शेवटीच येतं, त्यामुळे त्यांचं वाक्य कुठे पडणार हे मला आधीच दिसे), तो दुसरं वाक्य सुरू करी, तेही मोडे, आणि तो खाली बसे. कोणी हसत नसे. तो स्वतःही लाल होत नसे. चूक झाली, दुरुस्त करा, पुढे चला. गणितात हातचा विसरला तर माणूस जितका ओशाळेल तितकंच.

मी मराठी शाळेत, पाचवीत एबीसीडी शिकलेली. कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजीत उत्तर द्यायला उभी राहिले तेव्हा कानशिलं कशी तापली होती, ते मला आजही आठवतं. आपल्याकडे इंग्रजी न येणं ही अज्ञानाची गोष्ट नसते, ती घराण्याची, जातीची, गावाची गोष्ट असते. एखादा उच्चार चुकला की आपण कुठून आलो हे सगळ्या वर्गाला कळतं. पुढे मी इंग्रजीची प्राध्यापक झाले तरी ते तापलेलं कानशील गेलं नाही. मीच मुलांना सांगायची, घाबरू नका. आणि ती घाबरायची, कारण घाबरण्याचं कारण खरं होतं.

बाहिर दारच्या मुलांकडे ते कारणच नव्हतं. तिथे इंग्रज राज्य करायला आले नाहीत. कोणीच आलं नाही, असं ती सांगतात आणि ते जवळजवळ खरं आहे. १८९६ साली अडवाच्या लढाईत त्यांनी इटलीला हरवलं. मार्चच्या सुरुवातीला तो दिवस आजही साजरा होतो. मुसोलिनीच्या फौजांनी पुढे १९३६मध्ये राजधानी घेतली आणि १९४१मध्ये त्या गेल्या. त्या पाच वर्षांना ते कब्जा म्हणतात, राज्य म्हणत नाहीत, आणि हा फरक वर्गात मी एकदा ढिला केला तेव्हा मागच्या बाकावरून नेहमी झोपणारा मुलगा उठून उभा राहिला आणि त्याने तीन अचूक इंग्रजी वाक्यं म्हटली. इंग्रजी आली ती त्यानंतर. त्याआधी राजधानीतल्या आधुनिक शाळांत फ्रेंचचा जोर होता. १९४१नंतर ब्रिटिशांची मदत, शिक्षक आणि पुस्तकं आली, आणि फ्रेंच हळूहळू मागे पडून इंग्रजी शिक्षणाची भाषा झाली. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातूनही शिक्षक बोलावले गेले. साठीच्या पुढचा कुठलाही शिकलेला माणूस भेटला की म्हणतो, "मला गणित भारतीय मास्तरांनी शिकवलं." ही ओळख आमच्यासाठी फार उपयोगी. घरभाडं ठरवताना त्या न पाहिलेल्या मास्तरांच्या पुण्याईवर मी बरंच काही वसूल केलं.

म्हणजे इंग्रजी तिथे जिंकणाऱ्याची भाषा म्हणून शिरली नाही, सरकारी निर्णयाने आली. ती सरकारी निर्णयासारखीच वागते. नववीपासून शिक्षणाचं माध्यम, परीक्षेची भाषा, प्रबंधाची भाषा. वर्गाचं दार ओलांडलं की संपली. बाजारात, देवळात, प्रेमात, भांडणात तिचं काही काम नाही. फाडफाड इंग्रजी बोलणारा आदिसचा मुलगा मुलांना हुशार वाटे, पण मोठा वाटत नसे. मान मिळायचा तो वेगळ्याच मुलाला.

तिसऱ्या वर्षाला मी कविता शिकवत होते. आयरनी म्हणजे काय, द्व्यर्थ म्हणजे काय, नेहमीची तयारी करून गेलेली. अर्ध्या तासाने एक अबोल मुलगा उठला. इंग्रजीत त्याला जेमतेम पास होता येई. लहानपणी तो चर्चच्या शाळेत शिकला होता, जिथे मुलं भिक्षा मागून जेवतात आणि गेएझ या जुन्या धर्मभाषेत 'क्ने' नावाची काव्यरचना शिकतात. गोज्जाम त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या परंपरेत कवितेला दोन थर असतात: मेण आणि सोनं. सोनार मेणाचा साचा करतो, त्यावर माती लिंपतो, मेण वितळून जातं आणि त्या जागी सोनं ओततो. कवितेचा वरवरचा अर्थ मेण. ते वितळवून आतलं सोनं काढायचं ते ऐकणाऱ्याने. त्याने अम्हारिकमधल्या दोन ओळी म्हटल्या. वर्ग आधी गप्प, मग मागून पुढे लाटेसारखं हसू आलं. मला कोणी भाषांतर करून सांगेना, एक मुलगी म्हणाली, "टीचर, सांगितलं तर मेणच हाती येईल." त्या तासाला आयरनी मी शिकवली नाही. ती त्यांना माझ्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून येत होती. माझ्या पाठ्यपुस्तकातली उदाहरणं त्यापुढे अगदीच एका थराची निघाली.

म्हणून इथे सगळं छान होतं असं मात्र कोणी समजू नये. लाज नव्हती, पण निकडही नव्हती. आपल्याकडचा मुलगा इंग्रजीला घाबरतो, तिचा राग राग करतो, क्लास लावतो, आरशासमोर बोलून पाहतो. ती शिडी आहे हे त्याला ठाऊक असतं. बाहिर दारच्या मुलाला ती नुसती एक पायरी वाटे, परीक्षेपुरती, पाय ठेवून विसरायची. चौथ्या वर्षाचे प्रबंध वाचताना माझा जीव अर्धा होई. अभियांत्रिकीतल्या हुशार मुलांचं डोकं पुढे धावतंय आणि वाक्य मागे लंगडतंय, हे पानोपानी दिसे. माझी अर्धी इंग्रजी मला लाजेने शिकवली आहे, हे मला तिथे मान्य करावं लागलं. लाजेशिवाय भाषा शिकवायची कशी, याची पद्धत माझ्याकडे नव्हती. माझ्या सहकाऱ्यांकडेही नव्हती. इंग्रजी सुधारण्यासाठी विद्यापीठांत वेगळी केंद्रं आहेत, तिथे वादविवाद आणि क्लब चालत, पण येणारी मुलं तीच ती, ज्यांना आधीच येतं.

काम झालं ते दुसऱ्याच दाराने.

इथिओपियात ऐंशीहून जास्त भाषा आहेत. १९९४च्या शिक्षण धोरणापासून प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. केंद्र सरकारची कामकाजाची भाषा तेव्हा अम्हारिक, राज्यांनी आपापली ठरवावी. कागदावर हे फार सुंदर आहे आणि मला तत्त्वतः आजही पटतं. पण त्यातून अशी एक पिढी आली, जिच्यात ओरोमियाच्या आतल्या भागातला मुलगा अम्हारिक जेमतेम बोलतो आणि गोज्जामच्या मुलाला ओरोमो अजिबात येत नाही. लिपीही वेगळी. अम्हारिक फिदेल लिपीत, जिथे प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असतात (बाराखडीवर वाढलेल्याला ती आठवड्यात ओळखू येऊ लागतात). ओरोमो मात्र १९९१पासून रोमन लिपीत. भाषा तिथे कानशील तापवत नाही असं मी म्हटलं ते फक्त इंग्रजीपुरतं. अम्हारिक की ओरोमो, यावर डोकी फुटत.

विभागाने मुलांचे गट पाडून दिलेले असत, पाच जण आणि एक हुशार म्होरक्या, 'वन-टू-फाइव्ह'. ही सरकारचीच योजना. खेड्यांत हीच रचना लोकांवर लक्ष ठेवायला वापरतात, असं मुलं दबक्या आवाजात सांगत, त्यामुळे गट कागदावरच राहत. मी ते मोडून जोड्या लावल्या. साधा नियम: जोडीदाराची आणि तुझी घरची भाषा एक असता कामा नये. गृहपाठ तोंडी, दोघांनी मिळून एक गोष्ट शोधून आणायची आणि वर्गाला सांगायची.

एका जोडीत ओरोमियातला एक मुलगा आणि बाहिर दारजवळच्याच खेड्यातला एक मुलगा आले. पहिला हट्टाने अम्हारिक बोलत नसे. येत होती की नाही, मला कधी कळलं नाही. दुसऱ्याला वाटे की या देशात राहून अम्हारिक न बोलणं हा उद्धटपणा. दोघेही माझ्याकडे जोडी बदलून मागायला आले, वेगवेगळे, एकाच दुपारी. मी बदलली नाही. पुढचे दोन आठवडे ते वर्गाबाहेरच्या झाडाखाली एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसत. मग एकदा पाहते तर समोरासमोर, हातवारे, आवाज चढलेले. मी घाबरून जवळ गेले. वाद आर्सेनलवर चालला होता.

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचं वेड तिथे काय आहे हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा शनिवारी-रविवारी दोन-चार बिर देऊन पत्र्याच्या शेडमध्ये बाकांवर दाटीवाटीने बसून पोरं सामने पाहत, 'डीएसटीव्ही हाऊस' म्हणतात त्याला. बजाजच्या मागच्या काचेवर संतांच्या चित्राशेजारी आर्सेनलचा लाल बिल्ला असतो. तर हे दोघं, एक आर्सेनलचा आणि एक मँचेस्टर युनायटेडचा, अशा इंग्रजीत भांडत होते की काळ, वचन, शब्दयोगी, सगळ्याचा चुराडा. पण एकही जण थांबत नव्हता. मी काहीही दुरुस्त न करता तिथून निघून आले.

इंग्रजीने त्यांच्यात सलोखा केला, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ती दोघांचीही नव्हती, एवढंच तिचं भांडवल. त्यात बोलल्याने कोणाची हार होत नव्हती. अशा भाषेत फुटबॉलवर बोलता येतं, परीक्षेवर बोलता येतं. जमीन कोणाची, कोणी कोणाला मारलं, हे त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नाही. मी परतले आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक बातमी येत गेली. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये आणीबाणी. २०१९च्या अखेरीस अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत वांशिक हाणामाऱ्या, मुलं जीव मुठीत घेऊन घरी पळाली. २०२०च्या नोव्हेंबरात तिग्राईचं युद्ध. २०२३मध्ये बाहिर दार ज्यात येतं त्या अम्हारा प्रदेशातच संघर्ष पेटला आणि बाहिर दारचं इंटरनेट महिनोन्‌महिने बंद. ज्या वसतिगृहात मंत्रालयाने देशभरची पोरं एका खोलीत ठेवली होती, तिथे आता आईबाप मुलांना पाठवायला धजत नाहीत. परक्या भाषेचा तास याला पुरा पडेल, असं मानणारी इंग्रजीची प्राध्यापक असते, मीही असे प्रबंध तपासले आहेत. पण त्या झाडाखाली मी जे पाहिलं ते याहून लहान होतं, आणि लहान होतं म्हणूनच खरं होतं.

ते दोघं आता शिक्षक आहेत, आपापल्या भागात, माध्यमिक शाळेत. टेलिग्रामवर त्या वर्गाचा एक ग्रुप आहे, त्यात मीही आहे. मध्यंतरी बाहिर दारकडचा मुलगा बराच काळ गप्प होता. इंटरनेट परत आल्याआल्या आर्सेनलच्या बचावफळीवर त्याचा लांबलचक मजकूर आला, आणि ओरोमियाहून त्याला पाच मिनिटांत उत्तर गेलं. दोघांची क्रियापदं अजून जागेवर नाहीत. सामने त्यांच्याकडे रात्री संपतात, तेव्हा आपल्याकडे अडीच तास पुढे, मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून शनिवार-रविवारी मी त्या ग्रुपचा आवाज बंद करून झोपते. सकाळी उठून सगळं वाचते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे कोण बरोबर आहे हे मला सांगता येत नाही, आणि तेच नेमकं दोघेही मला विचारत असतात.